बोडक्या अण्णांचं टोप्यांचं दुकान

शिलाई मशिनखाली दिवसभरात किती चिंध्या साठतात, ते संध्याकाळी झाडू मारताना कळतं. माझ्या किश्श्यांचं तसंच झालंय. साताऱ्यात एका टोप्यांच्या दुकानात मी उमेदीची सात-आठ वर्षं मशिन मारलं. तेव्हा वाटलं नव्हतं, की यातलं काही लक्षात राहील. आता कुणी नुसतं म्हणालं, "काय हो, तुम्ही टोपीवाल्यांकडं होता ना?" की एकाला धरून दुसरा निघतो. सून तर मी तोंड उघडलं की स्वयंपाकघरात जाते. तुम्ही बसलाच आहात तर ऐका. फक्त मधेमधे बोललेलं मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी मूळचा सांगलीचा. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षी पोटासाठी साताऱ्याला आलो आणि अण्णांच्या दुकानात कारागीर म्हणून लागलो. अण्णा माण तालुक्यातले, पण साताऱ्यात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. दुकान म्हणजे दोन खण. भिंतीला फळ्या, फळ्यांवर लाकडी ठोकळे आणि ठोकळ्यांवर टोप्या. काळी मखमली, काळी लोकरी सर्जची, पांढरी खादीची, एकदोन तपकिरी फेल्टच्या. खालच्या फळीवर वकील लोकांच्या पगड्या दुरुस्तीला आलेल्या, आणि कपाटात फेटे. त्या काळी माणूस रस्त्याच्या त्या टोकाला दिसला तरी डोक्यावरून कळायचं, की हा कारकून, हा शेतकरी, हा वकील आणि हा चळवळीतला.

आणि या सगळ्याच्या मधोमध अण्णा बसायचे, ते बोडके.

आता तुम्हाला यात काय विशेष ते कळायचं नाही. हल्ली सगळेच उघड्या डोक्यानं हिंडतात. तेव्हा बाप्या माणूस बोडका दिसला की बायका दारातनं विचारायच्या, "कोण गेलं हो?" आणि हा माणूस अख्ख्या साताऱ्याला टोप्या घालणारा! मी तोंडाचा फटकळ. पहिल्याच दिवशी विचारलं, "अण्णा, तुमची टोपी धुवायला टाकलीय का?"

अण्णांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तू मशिनला तेल घाल."

मी तेल घातलं.

* * *

कारण कळलं ते खंडाळ्याच्या बापलेकांमुळं.

मुलगा नुकताच कुठल्याशा साहेबाच्या कचेरीत चिकटला होता. त्याला साहेबी हॅट पाहिजे होती. बाप लाल फेट्याचा, अंगापिंडानं दणकट. तो म्हणत होता, "हॅट घातलीस तर माझ्यामागनं चालायचं न्हाई. लोक म्हणतील, ह्येला साहेबानं धरून न्यायलाय."

मुलगा ऐकेना. दुकानात दोघांची जुंपली. अण्णांनी शांतपणे एक फेल्ट हॅट काढली, मुलाच्या डोक्यावर बसवली, मागं-पुढं करून पाहिली आणि विचारलं, "ही घालून घरी गेलास की दारात काय करणार?"

"आत जाणार."

"साहेब दारात हॅट काढतो. काढली नाही तर अपमान समजतात. आपल्यात थोरापुढं डोकं झाकतात. उघडं नेलं तर अपमान समजतात. तू वडलांपुढं कसा उभा राहणार ते आधी ठरव. मग हॅट देतो."

मुलगा विचारात पडला. शेवटी त्यानं हॅटही घेतली आणि एक काळी टोपीही घेतली. टोपी घडी घालून कोटाच्या खिशात. बाप काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं मुलाला तिथंच दुकानाच्या पायरीवर दोनदा चढायला-उतरायला लावलं. चढताना हॅट काढायची, टोपी घालायची, नमस्कार करायचा. बाजारातले लोक थांबून बघत होते. मी मशिनवर डोकं ठेवून हसत होतो.

बाप खूश झाला. निघताना त्याचं लक्ष अण्णांच्या डोक्याकडं गेलं.

"आवं अण्णा, एवढं पोराला शिकवलं. आन तुमी वडलांपुढं बोडकंच जात हुता व्हय?"

"वडील गेले माझे."

"आरं द्येवा. कवा?"

"पाच वर्षं झाली."

"मग अजून बोडकं?"

आजवर आम्हाला कुणाला न सांगितलेलं अण्णांनी त्या परक्या माणसाला सांगितलं. ते मखमल आणायला मुंबईला गेले होते. मागं गावाकडं वडील अचानक गेले. निरोप साताऱ्यात पडून राहिला. धाकट्या भावानं, सोपानानं, अग्नी दिला. अण्णा परत आले, निरोप वाचला, तसेच धावले. गावात पोचले ते तेराव्याच्या दिवशी, दुपारी. तासाभरापूर्वी मामांनी सोपानाच्या डोक्याला फेटा बांधला होता.

खंडाळ्याचा बाप मटकन पायरीवर बसला. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तुम्हाला सांगावं लागेल. आमच्याकडं बाप गेला की मुलगे बोडके राहतात. तेराव्याला मामा येतो आणि थोरल्याच्या डोक्याला नवा फेटा बांधतो. तिथनं पुढं तो घरातला बाप. मामानं बांधला तो मामानंच सोडायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि मामाच्या हातनं डोक्यावर काही आल्याशिवाय आपल्या हातानं घालायचं नाही. मामांना वाटलं, थोरला शहरात राहून शेठ झालाय, बापाच्या दिवसालाही यायला त्याला सवड नाही. रागानं त्यांनी फेटा धाकट्याला बांधला. अण्णांनी तो बांधलेला फेटा उंबऱ्याबाहेरून पाहिला आणि तिथनंच मागं फिरले. घरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मग जावा की मामाकडं," तो बाप म्हणाला. "पाय धरा. म्हाताऱ्या माणसाचा काय भरवसा? त्यो गेला तर तुमी जन्माचं बोडकं."

"माहीत आहे मला," अण्णा म्हणाले. "पण पाय धरायला माझं चुकलं काय?"

बापलेक निघून गेले. मुलाच्या डोक्यावर टोपी होती आणि हॅट बापाच्या हातात होती.

* * *

आमच्या दुकानात रोज येऊन बसणारे दोघं. एक वकील, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. लाल पगडी, गळ्याशी बंद कोट, आणि बोलणं असं की कोर्टात पुढचा माणूस उगाच कबूल करून टाकायचा. दुसरे शाळेतले गुरुजी. त्यांच्याकडं नंतर येतो.

एकदा शेजारच्या कापडाच्या दुकानात चोरी झाली आणि अण्णांना साक्षीला बोलावणं आलं. अण्णा कोर्टाच्या दारात पोचले आणि पट्टेवाल्यानं आडवा हात लावला.

"बोडक्याला आत सोडत नाहीत."

भाऊसाहेब तिथंच होते. त्यांनी चटकन आपली पगडी काढली. "ही घाला. पाच मिनिटांचं तर काम आहे. मी बाहेर उभा राहतो."

हे किती मोठं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. भाऊसाहेबांचं टक्कल मी आयुष्यात त्या एकदाच पाहिलं.

अण्णांनी हात जोडले. "भाऊसाहेब, तुमचे उपकार आहेत. पण मला चालत नाही."

आत पुकारा झाला. एकदा, दोनदा, तीनदा. साक्षीदार येत का नाही म्हणून आत चुळबुळ सुरू झाली. शेवटी मुन्सफांनी अण्णांना आहे तसं आत बोलावलं. वयस्कर मनुष्य, तेही पगडीवालेच. चष्म्यावरून बघून म्हणाले, "कोर्टाचा मान ठेवायचा असतो, हे माहीत नाही का?"

"माहीत आहे, साहेब. पण मी सुतकात आहे."

"अस्सं. कोण गेलं?"

"वडील."

मुन्सफ लगेच नरमले. "मग तसं आधी सांगायचं. किती दिवस झाले?"

"सात वर्षं."

कारकुनाच्या हातातला टाक थांबला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि पट्टेवाल्यानं त्याला बाहेर काढलं. मला वाटलं, आता अण्णांना दंड होणार. मुन्सफांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. साक्षीदार सुतकात असल्यामुळं त्यास उघड्या डोक्यानं साक्ष देण्याची परवानगी आहे."

बाहेर आल्यावर भाऊसाहेब पगडी नीट करत म्हणाले, "अण्णा, आता सरकारदप्तरी नोंद झाली. आता तरी सुतक फेडा."

दुकानात येऊन अण्णांनी भाऊसाहेबांची पगडी मागून घेतली आणि तिचा सुटलेला काठ शिवून दिला.

* * *

आता गुरुजी. बारीक अंगाचा मनुष्य, खोकला कायमचा, शाळेत काळी टोपी घालून यायचे. चळवळ जोरात आली तेव्हा पांढरी टोपी घालणाऱ्या मास्तरांची नोकरी जायला लागली. नवा फौजदार आला होता, त्यानं दुकानादुकानांत सांगितलं होतं, पांढरी खादीची टोपी शिवायची नाही, विकायची नाही.

एके दिवशी गुरुजी आले आणि अण्णांच्या कानाशी काहीतरी बोलले. अण्णा हो म्हणाले. चार दिवसांनी गुरुजींची टोपी तयार झाली. काळी सर्जची, नेहमीसारखी. फक्त अस्तर मी शिवलं नाही. अण्णांनी स्वतः शिवलं, पांढऱ्या खादीचं, आणि शिवण अशी बसवली की आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली, ते ओळखू येऊ नये.

दोन आठवडे गुरुजी ती टोपी घालून शाळेत गेले. मग एका सकाळी मोती चौकात मिरवणूक आली. गुरुजी कडेला उभे होते. त्यांनी टोपी काढली, उलटी केली, डोक्यावर ठेवली आणि मिरवणुकीत जाऊन मिळाले. एवढंच.

गुरुजींना आठ महिन्यांची शिक्षा झाली. टोपी फौजदाराच्या हाताला लागली आणि तो ती घेऊन दुकानात आला.

"ही कुणी शिवली?"

"मी," अण्णा म्हणाले.

"पांढरी शिवू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी काळी शिवली. उलटी त्यांनी घातली."

फौजदारानं टेबलावर दांडका आपटला. "जास्त शहाणपणा नको. तू स्वतः कुठली घालतोस ते बोल. काळी का पांढरी?"

अण्णांनी डोकं पुढं केलं.

फौजदाराबरोबरचा हवालदार अण्णांच्याच भागातला होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, त्यांच्या घरचं मामाच्या फेट्याचं लांबड हाय. त्यांचं त्यांनाच पुरंसं झालंय." फौजदारानं टोपी टेबलावर टाकली आणि गेला. अण्णांनी ती ब्रशनं झाडली, ठोकळ्यावर चढवली आणि गुरुजी सुटून येईपर्यंत रोज सकाळी झाडत राहिले.

सुटल्यावर गुरुजी आधी दुकानात आले. खोकला वाढला होता. टोपी पांढऱ्या बाजूनं डोक्यावर घातली आणि म्हणाले, "अण्णा, तुरुंगात मी एकच विचार केला. मला घालायची बंदी सरकारनं केली होती. तुम्हाला कुणी केलीय?"

"गुरुजी, चहा घ्या," अण्णा म्हणाले.

* * *

सांगलीचं सांगताना मला अजून लाज वाटते, कारण त्यात माणसं माझी होती.

माझ्या चुलतभावाचं लग्न. काकांनी टोप्या आणि फेटे अण्णांकडूनच मागवले, माझ्या भरवशावर. अण्णा स्वतः पेटी घेऊन माझ्याबरोबर आले. मांडवाच्या दारात काकांनी मला बाजूला घेतलं.

"तुझे मालक असेच का? म्हणजे डोक्यावर काही नाही?"

"असेच."

"अरे, मुलीकडचे लोक काय म्हणतील? लग्नघरात बोडका माणूस समोरून आत यायचा म्हणजे... तू त्यांना मागच्या दारानं स्वयंपाकाकडं घेऊन जा. तिथं पान वाढू त्यांचं."

मी काकांना काय बोललो ते इथं सांगत नाही. लग्न मोडायची वेळ आली होती म्हणा ना. अण्णांनी माझा दंड धरला. "तुझे काका बरोबर बोलतायत. बोडक्यानं मांडवात जाऊ नये. माझ्या घरचं लग्न असतं तर मीही हेच केलं असतं. मी समोर बसतो."

आणि ते समोरच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसले, पेटी मांडीशी घेऊन.

आता फेटे अण्णांचे असले तरी बांधायला काकांनी गावातला माणूस ठरवला होता. त्यानं घाईघाईत बांधले. मंगलाष्टकांच्या आधीच एकाचा शेव, म्हणजे फेट्याचं टोक, सुटला. तो बाहेर आला, अण्णांनी बसवून दिला. त्याचं बघून दुसरा आला. मग तिसऱ्याला आपला फेटा आवळ वाटायला लागला. थोड्या वेळानं मांडवातली निम्मी माणसं ओट्यासमोर रांगेत उभी. भटजी आत ओरडतायत आणि अण्णा म्हणतायत, "हलू नका, नाहीतर परत सुटेल."

सगळ्यात शेवटी काका आले. त्यांचा फेटा पार गळ्यात आला होता. खाली मान घालून ते ओट्यासमोर बसले. अण्णांनी तो पूर्ण सोडून नीट बांधून दिला.

काका उठले आणि हात जोडून म्हणाले, "आत चला, अण्णा. माझं चुकलं."

"नाही, तुमचं चुकलं नाही," अण्णा म्हणाले. "जा, अक्षता पडायच्यात."

जेवणाचं ताट काकांनी स्वतः ओट्यावर आणून वाढलं. परतीच्या गाडीत मी अण्णांना म्हणालो, "पुरे झालं आता. मी तुमच्या मामांकडं जाऊन भांडू का?" अण्णा खिडकीतून उसाकडं बघत होते. म्हणाले, "माझ्या काही जिवावर आलंय का टोपी घालायचं? मला रोज वाटतं रे." त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. मी पुढं गप्प बसलो, आणि मी गप्प बसतो म्हणजे काय ते घरच्यांना विचारा.

* * *

लढाई संपली. पलटणीतली माणसं गावोगाव परत आली. खाकी टोप्या उतरवून त्यांना काळ्या टोप्या पाहिजे होत्या. कापडाला कंट्रोल होता, तरी अण्णांनी कुठून कुठून तुकडे जमवून टोप्या केल्या आणि मला दहिवडीच्या बाजारी पाठवलं. "माझ्या गावच्या बाजूला जाऊ नको," एवढं निक्षून सांगितलं.

मी कुठं गेलो नाही. गावच माझ्याकडं आलं.

भर उन्हात एक माणूस टोप्यांसमोर येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा, आणि डोकं बोडकं. टोपी उचलायचा, शिवण बघायचा, परत ठेवायचा. त्याचे कान बघून मी चमकलो. पुढं वाकलेले, थेट अण्णांचे कान.

"घालून तर बघा," मी म्हणालो.

"न्हाई. आमाला चालत न्हाई."

"का?"

"दादाच्या डोक्यावर काय न्हाई. मी कसं घालू?"

मी त्यांना बाजूला बसवलं. सोपानराव सांगायला लागले. तेराव्याला मामांनी फेटा बांधला, तेव्हा ते नको-नको म्हणत होते. दादा दारातनं फिरले आणि सोपानरावांनी त्याच मिनिटाला फेटा काढून ठेवला, आहे तसा, बांधलेला.

"कणगीवर ठिवलाय. रोज धूळ झटकतो. ज्याचा हाय त्यो घालंल."

"अहो, मग साताऱ्याला का आला नाहीत इतकी वर्षं?"

"दादानं आमच्या घरचं पाणी घेतलं न्हाई. मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"आणि मामांना ठाऊक आहे हे?"

"त्येंच्याकडं जाताना टावेल गुंडाळून जातो. म्हाताऱ्या माणसाला कशाला तरास." मग त्यांनी मान खाली घातली. "आता त्ये आटपाडीला लेकीकडं अंथरुणावर हायत. दिस काढत्यात. त्ये गेलं तर ह्यो फेटा कोण सोडणार वो? दादा तसाच जाईल आन मी बी तसाच."

मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही, सगळ्यांचाच आला. उरलेल्या टोप्या बांधल्या आणि मिळेल त्या गाडीनं साताऱ्याला आलो. अण्णांसमोर उभा राहून सगळं एका दमात सांगितलं, वर जोडलं, "दोन भाऊ, दोघंही बोडके, आणि फेटा कणगीला! काय म्हणावं तुम्हाला?"

अण्णा टोपीला पट्टी लावत होते. लावत राहिले. पूर्ण झाल्यावर मी पाहिलं, पट्टी उलटी लागली होती. तितक्या वर्षांत त्यांच्या हातून तसं कधी झालं नव्हतं. त्यांनी ती उसवली. मग विचारलं, "सोपान वाळलाय का रे?"

"वाळलेत."

"आटपाडीची गाडी किती वाजता असते?"

* * *

आटपाडीला मी बरोबर होतो, म्हणून हे सांगू शकतो. सोपानरावांना निरोप धाडला होता. ते आधीच येऊन अंगणात बसले होते. मांडीवर पंच्यात गुंडाळलेला फेटा. अण्णांना बघून उठले. थोरला पुढं, धाकटा मागं, असे आत गेले.

मामांना त्यांच्या लेकीनं उशीला टेकवून बसवलं. हाडांचा सापळा राहिला होता. डोक्यावर फेटा मात्र होता. समोर दोन बोडकी डोकी पाहिल्यावर ते घाबरले.

"कोण गेलं रं?"

"कोण न्हाई, मामा," सोपानराव म्हणाले. "आमी अकरा वर्सं असंच हाय. दोघं बी."

सोपानरावांनी पंचा सोडला आणि फेटा मामांच्या मांडीवर ठेवला. मामांनी त्याच्यावरून बोटं फिरवली.

"ह्यो मी बांधलेला."

"व्हय."

"लय आवळ बांधला हुता. रागात हुतो मी." मग अण्णांकडं बघून म्हणाले, "रंगा, बाप गेला आन तू नव्हतास. माजी भन त्या दारात बसून तुजी वाट बघत हुती. मला राग आला."

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मला निरोप मिळाला नव्हता, मामा."

"आता कळलं. तवा कुणी सांगितलं न्हाई."

तिथंच अण्णांनी मामांचे पाय धरले. मामांनी फेटा सोडायला घेतला. गाठी वर्षानुवर्षं बसलेल्या. बोटांत जोर नाही. कुणीही मदत करायची नाही, म्हणून आम्ही सगळे नुसते बघत होतो. बराच वेळ लागला. शेवटी सगळं कापड त्यांच्या मांडीवर गोळा झालं.

"ये, फुडं बस."

अण्णा पुढं बसले. मामांनी कापड उचललं, पहिला वेढा घेतला आणि हात खाली पडले. परत उचलले, परत पडले.

"हात न्हाई राहिलं रं," मामा म्हणाले आणि रडायला लागले.

अण्णांनी ते कापड त्यांच्या हातातून घेतलं. मला वाटलं, आता स्वतः बांधून घेणार. ते उठले आणि सोपानरावांसमोर जाऊन बसले. "शेव धर."

"दादा, ह्यो तुजा हाय."

"बापाला तू पोचवलंस. आईला तू सांभाळलंस. गप धर."

अण्णांनी फेटा बांधला. साताऱ्यात हजार फेटे बांधलेला माणूस, पण इतका वेळ त्यांनी कुणाच्या फेट्याला घेतलेला मी पाहिला नव्हता. बांधून झाल्यावर सोपानरावांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि एक काळी टोपी काढली. सकाळीच आटपाडीच्या बाजारात घेतलेली. आत पुठ्ठा, बाहेर हलक्यातलं कापड, एका बाजूनं दोरा लोंबतोय, आणि अण्णांच्या डोक्याला दीड बोट मोठी. मी मनात म्हटलं, हे असलं काम आमच्या दुकानात कुणी केलं असतं तर अण्णांनी त्याला उभं केलं नसतं.

"फेटा दादा घेणार न्हाई, मला म्हाईत हुतं," सोपानराव म्हणाले, आणि ती टोपी त्यांनी मामांच्या हातात दिली.

टोपी हलकी होती. तेवढी मामांना उचलता आली. दोन्ही हातांनी त्यांनी ती अण्णांच्या डोक्यावर ठेवली. ती कानांवर येऊन टेकली.

मामा पंधरा दिवसांनी गेले.

आटपाडीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी साताऱ्यात दुकान उघडलं, तेव्हा भाऊसाहेब आणि गुरुजी आमच्या आधी पायरीवर बसले होते. अण्णांना बघून गुरुजींना खोकल्याची उबळच आली. भाऊसाहेब जवळ गेले, टोपीकडं नीट पाहिलं, आणि वकिलाच्या सवयीनं त्यांना राहवेना.

"अण्णा, अख्ख्या साताऱ्याच्या टोप्या तुम्ही मापात बसवता. आणि तुमची कानांवर येतेय? काढा, दोन टाके आत घ्या."

अण्णांनी टोपी दोन्ही हातांनी वर सारली. ती परत खाली आली.

"टोपी बरोबर आहे, भाऊसाहेब," ते म्हणाले. "डोकंच जरा कमी पडतंय."